सुनेच्या चकतीची फ्रीजमधील परीक्षा

श्री. सुरेंद्रराव यांस श्रीधरचा सविनय नमस्कार.

मोशीत आम्ही उभयता ठीक. आपला गुडघा आणि कुरुळीचे वर्कशॉप, दोन्ही विनातक्रार चालत असावीत असे गृहीत धरतो.

आपण स्वहस्ते घडवलेली चकती पोचली. व्याह्यांकडून आलेली वस्तू म्हणून सौ. अरुंधती तिला हळदकुंकू लावणार होती. ते मी तत्त्वतः रोखले. (इथवर मी निर्दोष आहे.) आपली कन्या, आमची सून सुखदा, त्या चकतीच्या फटीत प्रथिनाचा थेंब भरून तो द्रव नायट्रोजनमध्ये क्षणार्धात गोठवणार, त्यावर क्ष-किरण सोडणार आणि ते कसे विखुरतात त्यावरून प्रथिनाचा आकार ओळखणार, हे आपण जाणताच. क्ष-किरणांच्या यंत्रावर तिला येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे; ती हुकली, तर यंत्र पुढच्या वर्षीच मिळेल.

आता माझी कर्तबगारी. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या मला वाटले, की वस्तू परीक्षेवाचून सुनेच्या हाती देणे अशास्त्रीय आहे. प्रतिज्ञा: चकती थंडी सोसेल. हेतू: ती थंडीसाठीच घडवली आहे. उदाहरणाला प्रथिन हवे, म्हणून मी दुकानात जाऊन एक अंडे मागितले. ("काका, डॉक्टरांनी सांगितलंय का?" असे दुकानदाराने विचारले. मी "संशोधन" म्हणालो; त्याने सहानुभूतीने ते दुहेरी कागदात गुंडाळून दिले.) त्यातला पांढरा भाग फटीत भरून चकती मी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, खवलेल्या नारळामागे ठेवली. सकाळी पाहतो तो फटीवरचा अभ्रकाचा पापुद्रा तडकलेला. क्षणात गोठलेला थेंब काचेसारखा राहतो, सावकाश गोठणारा बर्फ होऊन फुगतो. म्हणजे थंडी आणि थंडी यांत भेद आहे. हा हेत्वाभास मी विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहिला असता, तर त्याला शून्य दिले असते. अरुंधतीची हरकत निराळीच होती. "अंडं? माझ्या नारळाला चिकटून? तुमचा तर्क दिवाणखान्यात ठेवा." नारळ टाकावा लागला.

तात्पर्य, दोष आपल्या कारागिरीचा नाही, एवढेच कळवायचे होते. (फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही.)

आपला व्याही,
श्रीधर

ता. क. लग्नात आम्ही आपल्याकडून हातरुमालही घेतला नाही. आज वरपक्षाची पहिली मागणी करतो: अशीच एक चकती, बुधवारपर्यंत. सुखदाला कळू नये.

पुन्हा ता. क. टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून या पत्राचा फोटो आपल्या फोनवर पाठवायचे ठरले. ही विद्या घरात एकट्या सुखदाला येते. तिने आधी पत्र वाचले, मग पुन्हा वाचले. तिचा निरोप असा: "पप्पा, चांगल्या दोन पाठवा. आणि एखादा रिजेक्ट पीस असेल तर तोही. बाबांना हौस आहे."