बाबांचा उजवा हात

प्रिय टिल्लू,

बाबा सुखरूप घरी आलेत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फोनवर मी तुला ‘सगळं नीट झालं’ एवढंच म्हणाले, कारण बाबा शेजारीच बसले होते. नीट झालं हे खोटं नाही. पण कसं झालं, ते तुला कळायला हवं.

बाबांनी सलून बंद केलं तेव्हा नजर अधू झाल्याचं कारण सांगितलं होतं. चष्माही करून आणला. त्याच्या काचा साध्या होत्या, हे आईला लगेच कळलं. पुसताना तिने तो एकदा डोळ्यांना लावून पाहिला. तेव्हापासून ती त्यांना अर्धाच कप चहा द्यायला लागली आणि अर्धाच का, हे त्यांनीही कधी विचारलं नाही. खरं कारण मी डॉक्टरबाईंच्या खोलीत प्रथमच ऐकलं. दाढी करताना एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला होता. ते गृहस्थ हसून, कानाला रुमाल लावून, पुन्हा येईन म्हणून गेले. बाबांनी त्याच दिवशी शटर ओढलं, ते कायमचं. हे सांगताना ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. इतकी वर्षं ते तसे बसतात आणि मला वाटायचं, त्यांना थंडी वाजते.

बाईंनी तपासून सांगितलं की हा कंपवात नव्हे, नुसता हातांचा कंप आहे. गोळ्यांनी बाबांना दिवसभर गुंगी यायची, हात काही थांबत नव्हता. मग बाईंनी एक नवी पद्धत सुचवली. कवटी उघडायची नाही, कुठे चीर नाही, टाका नाही. सोनोग्राफीत असतात तसल्याच ध्वनिलहरी, पण शेकडो एकदम, चहूबाजूंनी डोक्यात सोडायच्या आणि मेंदूतल्या एका इवल्याशा ठिपक्यावर गोळा करायच्या, भिंगाने ऊन गोळा करतात तशा. तो ठिपका तापला की हाताला थरथरायला लावणारा निरोप तिथेच अडतो. हे सगळं एमआरआयच्या मशीनमध्ये चालतं, म्हणजे नेमकं कुठे आणि किती तापतंय ते पडद्यावर दिसत राहतं. ऐकताना मला हायसं वाटलं. कापाकापी नाही म्हणजे भीती नाही, असं मी धरून चालले. पण कापतात तेव्हा माणूस निजलेला असतो. इथे बाबा टक्क जागे राहणार होते.

आधी सीटी स्कॅन झालं, कारण काहींच्या कवटीचं हाड या लहरींना नीट आत जाऊ देत नाही. रिपोर्ट येईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. बाबा मात्र म्हणत होते, डोकं दगड आहे हे मास्तरांनी शाळेतच सांगितलंय, उगाच खर्च कशाला. रिपोर्ट चांगला आला तेव्हा त्यांनीच तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

उपचाराच्या दिवशी वॉर्डातल्या एका माणसाने त्यांचं डोकं भादरलं. मला वाटलं, बाबा शंभर सूचना देतील. पण ते डोळे मिटून बसले होते. झाल्यावर आरशात न बघता त्या माणसाला म्हणाले, “हात चांगला आहे तुमचा.” मी पिशवीत काहीतरी शोधायचं निमित्त केलं.

मग डोक्याला चौकट बसवली. ती हलू नये म्हणून तिचे स्क्रू कातडी बधिर करून घट्ट पिळले. वर गार पाणी खेळवलेली टोपी, आणि हातात एक बटण, सहन झालं नाही तर दाबायला. बाबांना धीर वाटावा म्हणून मला काचेपलीकडच्या खोलीत बसू दिलं. लहरींच्या प्रत्येक माऱ्यानंतर त्यांना आडवं असतानाच पाटीवर गोगलगाईच्या पाठीसारखं वळण काढायला सांगत. पहिलं वळण म्हणजे नुसता काट्यांचा गोळा होता. दुसरं जरा बरं. तिसऱ्या वेळी बाईंनी वार म्हणायला सांगितले आणि ‘बुधवार’पाशी बाबांची जीभ जड झाली. शब्द तोंडातच विरघळल्यासारखे येऊ लागले.

बाईंनी हात वर केला, सगळे थांबले.  बाबांना या सगळ्याला तयार मी केलं होतं रे. हात थरथरत होता तर थरथरू द्यायचा होता, बोलत तर होते. बाई म्हणाल्या, हा मारा मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो, अशी काही गडबड दिसली तर जागा बदलता यावी म्हणून. ओसरेल म्हणाल्या. आम्ही वाट पाहत राहिलो. मग बाबांनी पुन्हा वार म्हटले, सोमवार ते रविवार, शाळेतल्या मुलासारखे स्पष्ट. जागा केसभर सरकवायची ठरली. बाईंनी माइकवरून विचारलं, पुढे जायचं की इथेच थांबायचं?  आतून बाबांचा आवाज आला, “जीभ ठेवा, भांडायला लागते. पण अजून एकदा बघा.”

शेवटचं वळण मी पाहिलं, टिल्लू. रेघ कुठेही अडखळली नव्हती.

आता बाबा होडीत चालल्यासारखे भिंत धरून चालतात. ओठांच्या उजव्या बाजूला मुंग्या येतात. बाई म्हणतात की हे बहुधा जाईल. काही वर्षांनी कंप थोडाफार परतही येऊ शकतो. एका वेळी एकाच हाताचा उपचार करतात, म्हणून डावा हात अजून थरथरतोच. पण घरी आल्यावर आईने कप काठोकाठ भरून दिला आणि बाबांनी तो उजव्या हाताने सावकाश संपवला. आई आत गेली आणि बराच वेळ नळ वाहता ठेवून उभी राहिली.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते. घरी सोडताना बाई म्हणाल्या, हा कंप पुष्कळदा घराण्यात उतरतो, मुलांना सांगून ठेवा. बाबांचा चेहरा उतरला. तिथेच त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. माझे हात स्थिर आहेत. मग म्हणाले, “आणि तो?” मी म्हटलं, तो ठणठणीत आहे. पण मागच्या आठवड्यात व्हिडिओवर बोलताना तू पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी उचललास, आणि मी बघतेय हे दिसताच कॅमेरा वर केलास. नकली दातांवर पोर्सिलेनचे थर चढवायचं तुझं काम, त्याच्यावर जीव होता तुझा. ते सोडून तू त्याच दातांच्या लॅबमध्ये ऑर्डरींचे फोन घेतोस आणि कंटाळा आला म्हणून सांगतोस. मेसेज टाइप करायचे सोडून बोलून पाठवतोस. फोनवर विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. कदाचित माझाच भ्रम असेल, तसा असला तर मला खुशाल शिव्या दे. पण नसला तर बाबांसारखा एकट्याने झाकत बसू नकोस. ये, मी बरोबर येईन, काचेच्या अलीकडे बसेन. आणि याचं उत्तर हाताने लिही. अक्षर कसंही आलं तरी मला वाचता येईल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
ताई