साडूंच्या गाडीची चिवचिव

नवी पेठ, पुणे
दिवाळीआधीचा बुधवार

श्रीयुत श्यामसुंदरराव यांस अनंताचा नमस्कार.

मांजरी गावी आपण दोघे सुखरूप असालच. आपला गुडघा आणि मैनाताईंचे पित्त यांची चौकशी कुसुम तिच्या बहिणीला फोन करून रोज अर्धा तास करते, म्हणून मी करत नाही. (फोन रिकामा मिळत नाही, म्हणूनच हे पत्र.) आमची प्रकृती उत्तम आहे. आपण आम्हाला दिलेल्या गाडीची मात्र नाही.

गाडी गेले पंधरा दिवस चिवचिवते. कुलूप लावले की तीनदा, आणि नंतर तिच्या मनात येईल तेव्हा एकदा. (आपल्याकडे ती बारा वर्षे गप्प होती म्हणता. मैनाताईंपुढे आपल्या घरात गप्प कोण नसते?) प्रथम मी रिमोटचा सेल बदलला. मग कुसुमला वाटले, आत चिमणी अडकली असावी; तिने तीन दिवस गाडीखाली तांदूळ आणि पाण्याची वाटी ठेवली. चिवचिव थांबली नाही, पण सोसायटीतली सगळी कबुतरे आता आमच्या टपावर मुक्कामाला आहेत आणि गाडीचा मूळ रंग कोणता, हे आपल्यालाच ठाऊक. शेवटी मंडईमागचा मेकॅनिक कोंडीराम आणला. तो म्हणाला, "काका, अलार्म चांगलाय. कुठलं तरी दार, डिकी नाहीतर बोनेट नीट लागत नाही, तेवढंच सांगतोय तो." तीस वर्षे विमा कचेरीतल्या कपाटांच्या किल्ल्या मी सांभाळल्या, आणि मला बंद दार कळत नाही म्हणे. त्याला चहा न देताच वाटेला लावला. दोष मुळातलाच आहे, हे माझे मत कायम आहे.

आता मुद्द्याचे. आमचे सेक्रेटरी हिंमतराव यांनी जिन्याखाली नोटीस लावली आहे: 'सोसायटीत पक्षी पाळण्यास बंदी आहे. गाडीच्या रूपातही.' रविवारच्या मीटिंगमध्ये माझी छपराखालची जागा काढून घेण्याचा ठराव येतोय. अकरा वर्षे वाट पाहून मिळालेली जागा आहे ती. कुसुमच्या मणक्याचे आपण जाणताच. तिला दारातून निघून चार पावलांत गाडीत बसता येते ते त्या जागेमुळेच. ती जागा गेली तर मला फार वाईट वाटेल. म्हणून मी सर्वांना स्पष्ट सांगितले आहे की गाडी साडूंकडून आली तीच अशी. वॉचमनलाही सांगितले आहे.

आपला,
अनंत

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी सहज बोनेट उघडून पाहिले. दसऱ्याला कुसुम म्हणत होती, पुढे हार घातला की पुरे. इंजिनाचीही पूजा हवी, हा हट्ट माझा. त्या हाराचे टोक बोनेटच्या खाचेत अडकले होते: तीन वाळके झेंडू आणि एक आपट्याचे पान. काढल्यावर गाडी गप्प. तेव्हा विनंती अशी, की रविवारी आपण यावे, चारचौघांदेखत बोनेट उघडून थोडी खुडबुड करावी आणि 'आमच्याकडचाच जुना दोष होता, काढला' असे म्हणावे. आपला स्वभाव मुळातच क्षमाशील.

आणखी ता. क. पत्र कुसुमने वाचले. मैनाताईंना फोनही झाला, आणि आपण मागून हसत होता ते मी ऐकले. तरी पत्र पाठवतो, कारण तिकीट लावून झाले आहे. आता कबूल मीच करीन. आपण रविवारी या मात्र; जेवायला बासुंदी आहे. मीटिंगमध्ये आपण काही बोलू नका, फक्त माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा. हिंमतरावांपुढे एकट्याने उभे राहायची मला भीती वाटते.