अकरा किल्ले, शंभर किलोमीटरच्या आत

६ सप्टेंबर २०१४, शनिवार. बेडोक, सिंगापूर
डिसेंबरच्या रजेत स्कॉटलंडचे किल्ले आणि राजवाडे पाहायचं ठरवलं. कारण: इतिहासाची आवड. आवड मंगळवारपासून आहे.
सोमवारी सौमित्र गेला. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात तीन वर्षं माझ्या समोर बसायचा. मी जहाजांच्या स्थिरतेची गणितं करते, तो इंजिनं पाहायचा. आता अ‍ॅबरडीनला तेलाच्या कंपनीत. अ‍ॅबरडीन स्कॉटलंडमध्ये आहे, हा योगायोग. निरोपाच्या जेवणात मला म्हणाला, "ये कधीतरी." हे तो सात जणांना म्हणाला. मी मोजलं.

७ सप्टेंबर, रविवार
एक्सेल फाईल तयार. अकरा किल्ले, सहा दिवस. एडिंबरा आणि स्टर्लिंग वगळले.
योगिनी (माझी फ्लॅटमेट, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओ) म्हणाली, "स्कॉटलंडला जाऊन एडिंबरा नाही? आग्र्याला जाऊन नुसता पेठा खाऊन येणार का गं?" तिला समजावलं की सगळे किल्ले एका केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत असले की वेळ वाचतो. केंद्र कोणतं, तिने विचारलं. अ‍ॅबरडीन, म्हणाले.  तिने डोसा करपवला.
उघडण्याच्या वेळा वेबसाइटवरून उतरवल्या: साडेदहा ते पाच. सूर्यास्त: सात. रोज दोन किल्ले, एक तास राखीव.
मनोऱ्यांचे जिने उंच असतात, म्हणून आजपासून रोज बारा मजले चढणार. सौमित्रला आठवड्यातून एकच मेसेज, तोही तांत्रिक. आजचा: फाईल पाठवली. त्याचं उत्तर, "मस्त. ये." एवढंच. फाईलमध्ये चूक नाही असा अर्थ घेतला.

१४ सप्टेंबर
जिना चार दिवस झाला. पाचव्या दिवशी लिफ्ट आधीच उघडी होती.
मेसेज: ४. सर्व तांत्रिक.

१२ ऑक्टोबर
व्हिसाचा फॉर्म. भेटीचा हेतू: पर्यटन. ब्रिटनमध्ये मित्र किंवा नातेवाईक? "ओळखीचे एक गृहस्थ" असं लिहिलं. योगिनीने वाचून मोठ्याने म्हणून दाखवलं, दोनदा.
मेसेज: २३. बहुतांश तांत्रिक.

२५ ऑक्टोबर, शनिवार
पद्माकरकाकांकडे फराळ. इथल्या मराठी मंडळींत कोणी कुठे फिरून आलं की काका त्यांच्या कॉन्डोच्या (म्हणजे सोसायटीच्या) फंक्शन रूममध्ये स्लाइड शो ठेवतात. दाखवल्याशिवाय सुटका नाही. मला ११ जानेवारी दिली. "विषय: स्कॉटलंडचे किल्ले, आतून-बाहेरून. आणि नुसते फोटो नकोत हं, माहिती हवी. मागच्या वेळी एकाने न्यूझीलंडच्या फक्त मेंढ्या दाखवल्या." मी म्हणाले, माझं काम व्यवस्थित असतं.

२९ नोव्हेंबर
थर्मल कपड्यांची चाचणी. सुपरमार्केटात आइस्क्रीमच्या फ्रीजरपाशी नऊ मिनिटं उभी. थर्मल समाधानकारक. तिथली आँटी म्हणाली, "गर्ल, यू बाय ऑर यू स्लीप हिअर?" एक आइस्क्रीम घ्यावं लागलं.
मेसेज मोजणं बंद केलं. त्यात वेळ जातो.

२१ डिसेंबर, रविवार. अ‍ॅबरडीन
सूर्य पावणेनऊला उगवला. निघायला साडेदहा, कारण सौमित्रने पोहे केले होते. शेंगदाणे जळले होते. दोनदा घेतले.
क्रेगिव्हार: गुलाबी मनोरा, देखणा, बंद. एप्रिलमध्ये उघडेल. बाहेरून तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या किल्ल्यापाशी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. पूर्ण अंधार. सौमित्रने फाटकावर टॉर्च मारून विचारलं, "बाईसाहेब, वेळापत्रकात आता काय?"
कारण शोधलं. सहा वर्षं मी अशा ठिकाणी राहते जिथे सूर्य जूनमध्ये सातला मावळतो आणि डिसेंबरमध्येही सातला. तो आकडा न बदलणारा समजून सगळ्या ओळींत भरला. वेळाही सप्टेंबरच्या. चूक माझी नाही, अक्षांशाची.

२३ डिसेंबर
बॅल्मोरल: बंद. हा धरून पाच किल्ले झाले, पाच फाटकं. सौमित्र म्हणाला, "हे फाटक मला कालच्यापेक्षा आवडलं. बिजागऱ्या बघ." खरोखर चांगल्या होत्या.
एडिंबरा आणि स्टर्लिंग वर्षभर उघडे असतात, हे आज कळलं. पण जायला अडीच तास. त्याला ड्रायव्हिंगचा त्रास नको.
साडेतीनला सूर्य मावळल्यावर जेवणापर्यंत काय करायचं, याची फाईलमध्ये ओळच नाही. गाडीत थर्मासमधला चहा घेत बोलत बसलो. काल चार तास, आज पाच. विषयांची नोंद ठेवली नाही. सगळे आठवतात.

२६ डिसेंबर, शुक्रवार. विमानतळ
बॅग ट्रॉलीवर ठेवताना सौमित्रने विचारलं, "गार्गी, तू खरंच किल्ल्यांसाठी आली होतीस?"
मी म्हणाले, "अर्थात."
तो म्हणाला, "बरं."
माझं उत्तर नेमकं होतं. तो "बरं" एरवी कधी म्हणत नाही. सिंगापूरपर्यंत त्यावर विचार केला. निष्कर्ष नाही.

४ जानेवारी २०१५, रविवार. बेडोक
नऊ दिवसांत मेसेज: शून्य. शिस्त अखेर जमली. त्यालाही जमलेली दिसते.
एसी नीट चालत नाही. तांदूळ बदललेले आहेत. ऑफिसात त्या समोरच्या टेबलावर प्रिंटर ठेवलाय, तो उगीच आवाज करतो. योगिनी म्हणाली, "कुठे दुखतंय ते सांग. गुडघा असेल तर मी बघते. बाकीचं तुझं तू बघ."

११ जानेवारी, रविवार
स्लाइड शो झाला. उपस्थिती चाळीस. बटाटेवडे, चटणी, पडदा, सगळं वेळेवर.
अडचण फोटोंची. एकूण तीनशे बारा. आतला एकही नाही. फक्त किल्ला दिसतो असे दोन. सहाव्या स्लाइडला पद्माकरकाका म्हणाले, "फाटक झालं गं पोरी, आता आत चल." सातवी स्लाइडही फाटकाचीच होती.
मग रत्नाकाकू, म्हणजे पद्माकरकाकांच्या सौ., म्हणाल्या, "फाटकं राहू देत. दर फोटोत हा मफलरवाला आहे तो कोण? किल्ल्याचा मालक?" लोक हसले. मी शांतपणे सांगितलं की बांधकामाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी माणूस उभा करतात. मापासाठी.
काकू म्हणाल्या, "असं होय. मग इथे गाडीत बसून बिस्किट खातोय, तिथे कशाचं माप घेत होतीस?"
पुढची स्लाइड लावली. प्रेझेंटेशनमध्ये प्रश्न सोडून पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. मागच्या रांगेत योगिनी खुर्ची धरून हसत होती.
पाच वाजून दहा मिनिटं. तिकडे सकाळचे नऊ दहा. स्विमिंग पूलच्या कडेला जाऊन मेसेज केला: "दुरुस्ती. विमानतळावर दिलेलं उत्तर चुकीचं होतं."
निळ्या खुणा लगेच.  पूलमधल्या मुलांच्या सात फेऱ्या झाल्या. आठवीला उत्तर आलं:
"हुश्श. मला वाटलं खरंच किल्ल्यांसाठी आली होतीस. ते हिवाळ्यात बंद असतात हे मला फाईल आली त्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं असतं तर तू आली नसतीस."
म्हणजे साडेतीन महिने या माणसाने अकराच्या अकरा ओळी चुकीच्या आहेत हे माहीत असून मला फाईल सुधारू दिली. हे अक्षम्य आहे. जाब विचारायला ताबडतोब फोन लावला.
एक तास चाळीस मिनिटं जाब विचारला. आत वडे संपले, खुर्च्या उचलून झाल्या.