रेडिएटरमधली हवा

१ ऑगस्ट, गुरुवार
आजपासून रोज सकाळी गाडीची तपासणी आणि नोंद. निवृत्त इंग्रजी शिक्षकाला शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

गाडी १९५९ची, जन्म इंग्लंडचा. २४ तारखेला माझ्या एकुलत्या मुलीला, नुराइनला, तिच्या सासरी क्वाला कांग्सारला पोचवायचं आहे. वाटेत बुकित बेरापितचा घाट. तिथे दुपारी बाराला दोघं मखरात बसणार. आधी नवऱ्याचे वडील, मग नवरीचे वडील त्यांच्या तळहातांवर गुलाबपाणी शिंपडणार. बारा म्हणजे बारा. तेवीस दिवस आहेत. काम तीन दिवसांचं.

गाडी घाटात तापेल असं रुहानाचं म्हणणं. माझी बायको गाडीला किटली म्हणते.

२ ऑगस्ट
उठायला उशीर. नोंद नाही.

५ ऑगस्ट, सोमवार
रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी चहाच्या रंगाचं. इंग्रजी गाडी आहे, चालायचंच. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला. पुस्तकात अर्धा इंच दबावा असं आहे. माझ्या अंगठ्याला इंच कळत नाहीत, पण बेल्टने तक्रार केली नाही. वरचा पाइप ठीक. खालचा ओला. बहुधा दव. पोर्चमध्ये दव पडत नाही, असं रुहाना म्हणाली. तिचा विषय गृहशास्त्र होता.

८ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळ
सराव फेरी. तायपिंगपर्यंत. बाजाराजवळ तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. न घाबरता हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. बाहेर चौतीस अंश. होणारा जावई हाझिक शेजारी होता. शर्ट पिळून काढावा इतका घाम. मी त्याला सांगितलं, इंग्लंडमध्ये लोक या उबेसाठी तरसतात. तो हो म्हणाला. गुणी मुलगा. येताना तो बसने आला.

१२ ऑगस्ट, सोमवार
फू लियाँगला बोलावलं. आमच्या चांगकात जेरिंगमध्ये जुन्या गाड्या तोच बघतो. सत्त्याऐंशी साली माझ्या वर्गात होता. इंग्रजीत शंभरपैकी एकोणीस.

बॉनेट उघडून तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मला वाटलं, आदराने. मग म्हणाला, चिकगू, यात सूप शिजलंय. (सगळे मला चिकगूच म्हणतात, म्हणजे मास्तर.) थर्मोस्टॅट काढून फेका म्हणाला, थंड देशाचं सामान आहे. मी म्हणालो, इंग्रज इंजिनिअरने विचार करून बसवलाय. तर म्हणे, तो इंजिनिअर आपल्या घाटात कधी आला होता?

सामानाची यादी त्याने मलयमध्ये लिहून दिली. परत केली. या गाडीबद्दल मला जे काही लिहून देशील ते इंग्रजीत, असं बजावलं. सराव सुटला की भाषा गंजते.

१४ ऑगस्ट, बुधवार
आता सापडलं. मॅन्युअल, पान ४१: रेडिएटरच्या व्यवस्थेत हवा राहता कामा नये. हवा अडकली की पाणी फिरत नाही. हेच कारण. बाकी सगळं दुय्यम.

यावरून वर्ग आठवला. मलयमध्ये पाण्याला 'आयेर' म्हणतात, आणि रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग हुबेहूब इंग्रजी 'एअर'चं. तीस वर्षं हा घोटाळा निस्तरला. 'फ्रेश एअर' म्हणजे ताजं पाणी, असं लिहायची कार्टी. माझ्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी आता ती चूक करणार नाही.

फूला फोन करून सांगितलं, एअर काढायची. तो म्हणाला, बरं, सगळंच काढतो, गंजलंय.

१८ ऑगस्ट, रविवार
काल निकाह आणि आमच्याकडचं जेवण. सहाशे माणसं. गाडी फुलं लावून पोर्चमध्ये उभी केली होती. पाहुण्यांनी तिच्यावर उष्टी ताटं ठेवली.

सगळे गेल्यावर नुराइन बाहेर येऊन बसली. मामाच्या व्हॅनमध्ये एसी आहे म्हणाली. मी तिला हीटरचे फायदे सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"बाबा, मला कुठल्याच गाडीचं काही नाही. बाराला तुम्ही तिथे हवेत."
दोन्ही एकच गोष्ट आहे, हे तिला अजून कळत नाही.

शेवटी रुहानाने निकाल दिला. किटलीतून न्या, पण व्हॅन मागे राहील. मागे व्हॅन ठेवणं म्हणजे उघड अविश्वास. मी मामाला बाजूला घेऊन सांगितलं, तू साडेनऊलाच रुहानाला घेऊन नीघ.

१९, २०, २१ ऑगस्ट
तपासणी मनातल्या मनात केली. ठीक.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ३
नमाजाहून परत आलो. तेवढ्यात फू येऊन काम करून गेलेला. नारळाच्या बुंध्याशी लाल ओल दिसते. शेजाऱ्यांनी कोंबडी कापली असावी.

वायपरखाली चिठ्ठी. रोमन लिपीत, ठळक अक्षरांत दोनच शब्द. एअर आउट. हवा काढली. क्रियापद नाही, पण अर्थ थेट पोचतो. बत्तीस वर्षांनी का होईना, पोरगं सुधारलं. खाली लाल पेनने दहापैकी सात लिहिले.

३.३०
फूचा फोन. पाइप नवा घातलाय, उरलेलं संध्याकाळी येऊन करतो म्हणाला. मी म्हणालो, उरलेलं काही नाही, पुढचं मी बघतो. त्याने विचारलं, भरणार ना तुम्ही? मी म्हणालो, कधीच काठोकाठ भरलंय. पेट्रोलच्या बाबतीत मी चालढकल करत नाही. तो म्हणाला, चिकगू, हात जलद आहे तुमचा.

नियम: आता झाकण उघडायचं नाही. उघडलं तर हवा परत आत जाईल.

२४ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९.५०
रुहाना व्हॅनमधून पुढे गेली. जाताना विचारत होती, पाणी पाहिलं का. म्हणालो, हवासुद्धा पाहिली. माझी काळी सोंगकोक टोपी नुराइनच्या पिशवीत दिली. गाडीचं छत बुटकं आहे, चुरगळायला नको.

१०.२५
घाटाच्या पायथ्याशी. नुराइनला ओढणी सारखी करायची होती म्हणून थांबलो. काटा तळाशी. जागचा हललेला नाही. इतकं थंड इंजिन मी आयुष्यात पाहिलेलं नाही. हाझिकला दाखवलं. त्याने विचारलं, काही भाजल्याचा वास येतोय का. मी सांगितलं, इथे रस्त्याकडेला बांबूत भात भाजतात.

१०.५५
अर्ध्या घाटात थांबली. बंद पडली असं आत्ताच म्हणता येणार नाही. वाफ नाही. हे चांगलं लक्षण, असं मी म्हणालो. हाझिक म्हणाला, वाफ व्हायला पाणी लागतं. रुमालाने धरून त्याने झाकण उघडलं. मोबाइलचा उजेड पाडला. रेडिएटर खालपर्यंत कोरडा.

११.०५
फूला फोन. पाणी कुठे गेलं, विचारलं. तो म्हणाला, चिठ्ठी ठेवली होती की. आयेर आउट.

मग त्याला सांगितलं, दोन भाषा एका वाक्यात मिसळू नयेत. तो म्हणाला,
"चिकगू, कुठल्या वळणावर आहात ते सांगा."

११.३०
फू मोडक्या गाड्या ओढायचा ट्रक घेऊन आला. गाडी मागे बांधायला अर्धा तास, आणि मग घाटात बैलगाडीचा वेग. म्हणजे बारा चुकणार. ट्रकच्या केबिनमध्ये फू धरून तिघंच मावतात. हाझिक म्हणाला, बाबा आत बसा, मी मागे उभा राहतो. सोनेरी जरीचे कपडे, कमरेला खंजीर, आणि मागे उभा राहतो म्हणे. मी नको म्हणालो. एकोणसाठची गाडी घाटात टाकून जाता येत नाही. अर्ध्या तासात निवेल, मागोमाग आलोच.
नुराइन पायरीवर एक पाय ठेवून उभी होती.
"बाबा, चला."
मी तिला घड्याळ दाखवलं. ती चढली.

१२.००
भातवाल्याकडून दोन बाटल्या पाणी आणून ओतलं. इंजिनातून टण् असा स्वच्छ आवाज आला. धातू आवळतोय. चांगलं आहे.

१२.१०
पाणी खालून रस्त्यावर आलं.

१.१५
किल्ली फिरवली. काही नाही. एका लॉरीवाल्याने थांबून विचारलं, कुठे सोडू का. त्याला सांगितलं, गरज नाही, मी निघतोच आहे.

३.४०
फू परत आला. डोक्यावर माझी टोपी.

२५ ऑगस्ट, रविवार
फूकडून आणि रुहानाकडून ऐकलेलं असं. ट्रक बारा वाजायला चार मिनिटं असताना पोचला. हाझिकची आजी नव्वदीची, डोळ्यांनी अधू. नवरीचे वडील समजून तिने फूचा हात धरला तो थेट मखरापर्यंत सोडला नाही. तिला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. डोकं उघडं म्हणून नुराइनने पिशवीतली टोपी काढून त्याला दिली. सासऱ्यांनंतर गुलाबपाण्याचं भांडं फूच्या हातात आलं.

मी म्हणालो, तू नाही म्हणायला हवं होतंस. तो म्हणाला, म्हणणार होतो, पण पोरीने हात पुढे केले होते. बोटांना ग्रीस होतं म्हणून आधी पँटला पुसली.
कसं शिंपडलंस, विचारलं.
"थोडंथोडं. सांडू दिलं नाही."
मग इंजिनाचं बोललो. हेडला तडा आहे. किरकोळ वाटतो. फूला तसं वाटत नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार
फोटो आले. चांगले आहेत. फोटोत सगळेच असायला हवेत असं काही नाही. नुराइनचा फोन आला होता. रुहानाशी बोलली. मी तेव्हा बाहेर पोर्च धूत होतो. पोर्च रिकामा असला की धुवायला सोपा पडतो.

३१ ऑगस्ट, शनिवार
क्वाला कांग्सारहून हाझिकच्या आजीने डबा पाठवला. नारळाचा दोदोल हलवा, घरचा. झाकणावर कुणाकडून तरी लिहून घेतलंय: नवरीच्या वडिलांसाठी. ट्रक फार सांभाळून चालवता.

रुहाना म्हणाली, फूचा आहे, नेऊन द्या. बरोबर आहे. निघतोय. बस साडेदहाची.

१०.२०
थांब्यावर. डबा उघडला. एक तुकडा खाल्ला. वर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.