वाऱ्यातल्या हाका

आबा, मागच्या आठवड्यात पुन्हा तसंच वादळ आलं. तीर्थपुरीच्या अलीकडच्या वस्त्यांवर दुपारी वारा उठला आणि अर्ध्या तासात पडला. तेवढ्यात गोठ्यांचे पत्रे गेले, एक जुना लिंब मुळासकट आडवा झाला, आणि एका शाळेच्या व्हरांड्यातला फळा दोन शेतं ओलांडून ज्वारीच्या धसकटांत उभाच्या उभा रुतलेला सापडला. त्यावर खडूने लिहिलेली बेरीज तशीच होती, एक आकडाही पुसला नव्हता. हे मला ठाऊक आहे, कारण या गावांची तलाठी आता मी आहे. तुमच्या मागे मी पदवीपर्यंत शिकले, परीक्षा दिली, नोकरी लागली. वादळ झालं की पंचनाम्याला मला जावं लागतं. काय पडलं, काय मोडलं ते जागेवर जाऊन पाहायचं आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. बरोबरचे लोक हसतात, ही बाई एकेक पत्रा दोनदा बघते म्हणून. बघते खरी. हा कागद मात्र सरकारी नाही, दुकानातून विकत आणलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी आठ वर्षांची असेन. आपल्या मेंढ्या एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवलेल्या, तुम्ही ओढ्यावर पाणी आणायला गेलेले, आणि रिकाम्या रानातून एक वावटळ फिरत येते आहे. तिच्या पोटात पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाचं तरी लाल धडोतं. मी बघत उभी. तिच्या आतून तुमचा आवाज आला, "ए पोरी." मी ओ दिली आणि आवाजाकडे पळाले. डोळ्यांत माती, दातांत माती. भान आलं तेव्हा मी विहिरीच्या काठापासून चार पावलांवर होते आणि तुम्ही मागून, भलत्याच दिशेने, कळशी टाकून धावत येत होता. तुम्ही मला मारलं नाही. दंड धरून विचारलंत, "कोनाला ओ दिली गं?" मी म्हणाले, तुम्हालाच. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आजही लिहिता येत नाही. तुम्ही म्हणालात, "म्या हाक मारलीच न्हाई."

त्या दिवशी भाकरी खाताना तुम्ही मला नियम सांगितला, जसा तुम्हाला तुमच्या बापाने सांगितला होता. "वाऱ्यात हाक आली तर पहिलीला ओ द्यायची न्हाई. दुसरीला बी न्हाई. वाऱ्याला दोनच हाका येत्यात. तिसऱ्या हाकंला माणूसच लागतं." माझ्याकडून तो तीनदा म्हणवून घेतलात, शाळेत पाढे म्हणवून घेतात तसा.

शाळेत जाणारी आपल्या घरातली मी पहिली. खाली बसायला म्हणून तुम्ही आपल्या घोंगडीचा एक तुकडा कापून दिला होता, त्याचा मेंढरांचा वास वर्गात सगळ्यांना यायचा. पाचवीत सरांनी सांगितलं की वावटळ म्हणजे तापून वर जाणारी हवा, दुसरं काही नाही. मी घरी येऊन जमिनीवर बोटाने वर्तुळं काढून तुम्हाला ते समजावलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, तंबाखू मळत मान हलवलीत आणि म्हणालात, "बराबर हाय. मंग ती हवा माझ्या आवाजात कशी बोलली, तेवढं सरला इचार." मी विचारलं नाही, वर्ग हसला असता. परीक्षेत मी तापलेली हवा लिहून पूर्ण गुण मिळवले आणि रानात तिसऱ्या हाकेसाठी थांबत राहिले. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटत होत्या. अजूनही वाटतात.

मग तो दिवस. मी अकरा वर्षांची. माय बाजाराला गेलेली. तुम्ही नुकतीच जन्मलेली कोकरं घरामागे वाघरीत, म्हणजे आपल्या दोरीच्या जाळीच्या कुंपणात, ठेवली होती. दुपारी उजेड बदलला. हळद कालवलेल्या पाण्यासारखा पिवळा उजेड, आणि त्यात कशालाच सावली नाही. कोंबड्या बाजेखाली जाऊन बसल्या. मेंढ्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या, एकही रवंथ करत नव्हती. तुम्ही आभाळाकडे पाहिलंत, पागोटं काढून उंबऱ्याजवळच्या दगडावर ठेवलंत. का काढलंत ते मला कळलेलं नाही, तुम्ही ते झोपतानाच काढत होता. मला म्हणालात, "आत बस. कडी लाव. म्या कोकरं बघून येतो."

मी कडी लावते. कोंबड्यांना ढकलून बाजेखाली शिरते, घोंगडी डोक्यावर घेते. मग तो आवाज येतो, पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटून भिंतींवर आपटावा तसा, सगळ्या बाजूंनी. पत्रे श्वास घेतल्यासारखे वर उचलतात, खाली बसतात. त्यांच्यावर ठेवलेले दगड एकेक करून गडगडत जातात. कानांत दडे बसतात. आणि त्यातूनच, घरामागून, तुमची हाक येते. "ए पोरी." मी ओठ मिटून घेते. थोड्या वेळाने दुसरी, पहिलीपेक्षा मोठी. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरते, कारण ओ आपोआप बाहेर पडेल अशी भीती वाटते. विहिरीचा काठ डोळ्यांपुढे येतो. मी तिसरीसाठी थांबते.

लोक आले तेव्हा तुम्ही वाघरीवर पालथे होता, दोन्ही हातांनी जाळी जमिनीशी दाबून. कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा उडत येऊन तुम्हाला लागला होता. जाळीखाली सगळी कोकरं जिवंत होती. पागोटं त्या दगडावर तसंच, एक पदरही न हललेलं; ज्या वाऱ्याने दगड नेले त्याने ते नेलं नाही. अंग अजून गरम आहे, असं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, जरा आधी कळायला पाहिजे होतं. ते माझ्यासाठी नव्हतं, पण मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळचे तलाठी आले. चांगले गृहस्थ होते, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "बाळा, वडलांनी हाक मारली होती का?"

मी म्हणाले, "न्हाई ऐकू आली."

त्यांनी ते लिहून घेतलं. माय अंगठा द्यायला पुढे झाली, मग थांबली आणि रडतच म्हणाली, "हिला सही येती. हिची बी घ्या." आबा, आपल्या घराची सरकारी कागदावरची पहिली सही ती आहे, आणि ती एका खोट्या वाक्याखाली आहे. तहसीलच्या जुन्या दप्तरात तो कागद असेल. शोधायला मला एक दुपार पुरली असती. मी त्या खोलीत गेले की दुसऱ्या कपाटाकडे वळते.

तर मागच्या आठवड्यात. एका वस्तीवर एक मेंढपाळ म्हातारा आणि त्याची म्हातारी, दोघंच. छप्पर गेलेलं, म्हाताऱ्याच्या हाताला फडकं बांधलेलं. काय घडलं ते म्हातारी सांगत होती. वादळात म्हातारा बाहेर मेंढरांपाशी होता आणि ती आत. "ह्यानं दोनदा हाक मारली अन् गप बसला. मंग म्या बी जागची हल्ले न्हाई."

माझं पेन थांबलं. ओ का नाही दिली, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण पंचांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा मात्र हसला. "दोन हाका म्हंजी हायेस तिथंच बस, मॅडम. तिसरी मारली तर ये. लगीन झाल्यापासून ह्या एवढ्या एकाच गोष्टीत ती माझं ऐकती." पंच हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग विचारलं, सगळ्या मेंढपाळांत असंच असतं का. "सगळ्यांचं मला काय ठावं," तो म्हणाला. "आमच्या वाड्यात, आमच्या बरोबरच्या बिऱ्हाडांत, असं हाय."

परत येताना गाडी बाभळीखाली लावून मी बराच वेळ उभी राहिले. तसं असेल तर तुम्ही मला बोलावत नव्हता. बस तिथंच, असं सांगत होता, आणि मी बसले होते, म्हणजे तुमचं ऐकलं होतं. इतकी वर्षं जे ओझं वाटलं ते एका म्हाताऱ्याच्या बोलण्याने उतरेल, असं वाटून छाती हलकी झाली, आणि लगेच शरमही वाटली. जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. दुसऱ्याच्या वाड्याचा नियम तुमच्या हाकांना लावायचा हक्क मला कुणी दिला?

म्हणून मायला विचारलं. ती आता माझ्याजवळ असते. तुरीची डाळ निवडत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आबा वाऱ्यात किती हाका मारायचे. ती म्हणाली, "म्या काय मोजीत बसत व्हते का? त्यो हाका मारायचा अन् म्या शिव्या द्यायचे." मग मान वर न करता म्हणाली, "का गं? तुला तर ऐकूच आल्या नव्हत्या."

तिची बोटं निवडून झालेल्या डाळीतूनच पुन्हा पुन्हा फिरत होती.

हे पत्र कुठे टाकायचं? तुम्हाला वाचता येत नव्हतं, घरी आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायचे. हाही मलाच वाचून दाखवावा लागला असता, आणि ते माझ्याने झालं नसतं. म्हणून घडी घालून घोंगडीच्या त्या तुकड्यात ठेवते आहे. पण खाली सही करायची तर आधी एक लिहायला हवं. इथपर्यंत मी दोनच हाका लिहिल्या. तिसरीही आली होती. वारा पुरता पडल्यावर, पत्रे गप्प झाल्यावर, लोक यायच्या आधी. हळू, साध्या आवाजात, भाकर वाढ म्हणावं तशी. पण ती घरामागून आली नाही. दाराला लागून आली, बरोबर कडीच्या उंचीवरून, आणि तुम्ही तर वाघरीवर होता. नियमाप्रमाणे ती माणसाचीच होती आणि मी ओ द्यायला हवी होती. मी बाजेखालून हलले नाही, आबा. मी चौथीची वाट पाहिली.