उपवासकाळातली पुढची खोली

राखेचा बुधवार, २२ फेब्रुवारी

कपाळावर राख घेऊन चर्चमधून आले आणि ठरवून टाकलं. यंदा चाळीस दिवसांच्या उपवासकाळात काहीही सोडायचं नाही. दरवर्षी चॉकलेट सोडते, त्याने ना आत्म्यात फरक पडतो ना कमरेत. यंदा काहीतरी करून दाखवायचं. पुढची खोली मी स्वतः रंगवणार. ईस्टरच्या आत.

कारण डेक्लन. पोटचा मुलगा, राहतो मेलबर्नला, काळजी करतो फोनवरून. रविवारी म्हणाला, "मम, घर तुला झेपत नाही. पुढच्या खोलीत बसून उठलं की कोटाची पाठ पांढरी होते. वॉर्नांबूलला वृद्धांसाठी छान युनिट निघालंय. नर्सपण असते." मला नर्स! मी इस्पितळाची मेट्रन होते, माझ्या बुटांचा आवाज आला की नर्सा भिंतीला चिकटायच्या.

शेवटी सौदा ठरला. तो ईस्टरला येणार. खोली नीट दिसली तर युनिटचं नाव काढणार नाही. नाही दिसली तर मी ते बघायला जायचं. बिचाऱ्याने उगाच हरायची पैज लावली.

शनिवार, २५ फेब्रुवारी

रंग आणला. नाव 'पहाटेचं धुकं'. आमच्या कोरॉइटमध्ये पहाटेचं धुकं दाराबाहेर फुकट मिळतं, पण ते भिंतीला लागत नाही.

डब्यावर लिहिलंय, भिंत स्वच्छ, कोरडी आणि टणक हवी. स्वच्छ आहे, कारण त्या खोलीत एरवी फक्त भेटीला आलेले फादर आणि घरच्या मयतांच्या शवपेट्या येतात. कोरडी तर इतकी की बोट फिरवलं की पूड पडते.

रविवार, २६ फेब्रुवारी

रविवार उपवासकाळात धरत नाहीत. सुट्टी.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

उकाडा. आज खुर्च्या हलवणार होते. एक हलवली. तिच्यावर बसले.

शेजारचे मिस्टर गेडीज खिडकीतून डोकावले. बँकेत मॅनेजर होते, अजूनही समोरचा कर्ज मागायला आलाय अशाच नजरेने बघतात. म्हणाले, "मिसेस टिअर्नी, हे जुनं डिस्टेंपर आहे. कोमट पाण्याने, ब्रशने, खालचं प्लास्टर लागेपर्यंत धुऊन काढावं लागेल. मग प्रायमर. मग रंग." मी म्हटलं, हे डिस्टेंपर माझ्या सासूबाईंनी दिलंय, त्यांच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही, पाण्याचं काय चालणार? ते म्हणाले, "वरचा रंग टिकणार नाही हो." मग हात मागे बांधून निघून गेले.

प्रेस्बिटेरियन माणूस. आनंद होण्याआधी काहीतरी घासून काढलंच पाहिजे, असा त्यांचा धर्म.

बुधवार, ८ मार्च

भेगांत पुट्टी भरली. छान बसली. कोपऱ्यातली भेग जरा मोठी होती, तिथे कपाट येईल.

शुक्रवार, १० मार्च

उपवासकाळातला शुक्रवार, मांस चालत नाही, म्हणजे मासे. मासे म्हणजे दुकानापर्यंत जाणं, आणि तिथे अख्खं गाव रांगेत. घरी येईपर्यंत उजेड गेला. उजेडाशिवाय भिंतीला हात लावू नये, हे कुणीही सांगेल.

मंगळवार, १४ मार्च

धाकटी बहीण कार्मेल 'मदतीला' आली. डोक्याला रुमाल बांधून आली, चहा प्यायली, केक संपवला, रुमाल सोडला. जाताना भिंतीवर हात फिरवला आणि तो माझ्यासमोर धरला. पांढराफटक. म्हणाली, "अगं नोरा, जखम न धुता पट्टी बांधणाऱ्या पोरीला तू वॉर्डातून हाकललं होतंस ना?"

मी म्हटलं, भिंतीला ताप येत नाही. ती म्हणाली, "तुला येईल. ईस्टरला."

कॉन्व्हेंटमध्येही ही अशीच होती. सिस्टर इग्नेशिया हिला आगाऊ म्हणायच्या. मला म्हणायच्या निश्चयी.

शुक्रवार, १७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस, आम्हा आयरिश लोकांचा सण. आज काम केलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

शनिवार, १८ मार्च

कालच्या सेंट पॅट्रिकमुळे डोकं जड.

गुरुवार, २३ मार्च

धुण्याचा शांतपणे विचार केला. बादली भरली. कोपऱ्यात थोडं घासून पाहिलं. पांढरा चिखल कोपरापर्यंत ओघळला, गालिच्यावर पडला, आणि भिंत होती तशीच पांढरी. म्हणजे धुण्याचा उपयोग नाही, हे प्रयोगाने सिद्ध झालं. बादली ओतून दिली.

श्रद्धा पुरेशी आहे असं मिस्टर गेडीजचं चर्च म्हणतं, कर्मही लागतं असं आमचं कॅथलिकांचं. प्रायमरच्या बाबतीत मी त्यांच्या चर्चचं ऐकायचं ठरवलं. चांगलं ते कुठूनही घ्यावं.

मंगळवार, २८ मार्च

रंगकाम सुरू! कडांना टेप लावली, रोलर फिरवला. रंग काय सुंदर बसतो! खोलीच काय, मीसुद्धा तरुण दिसतेय. गेडीज कुंपणापाशी होते. मी खिडकी मुद्दाम उघडी ठेवली.

शुक्रवार, ३१ मार्च

दुसरा हात. खिडकीखाली रंगाला थोडे फुगे आले. भिंत श्वास घेते आहे.

झावळ्यांचा रविवार, २ एप्रिल

चर्चमधून आणलेली झावळी पुढच्या खोलीत क्रुसामागे खोचायची म्हणून खिळा ठोकला. खिळ्याभोवतीचा रंग निघून माझ्या बाहीवर आला. बशीएवढा. खिळा जुना होता.

बुधवार, ५ एप्रिल

टेप काढायला घेतली. टेप निघाली. टेपेबरोबर रंगही निघाला, सबंध पट्टा, ओल्या एप्रनसारखा, आणि त्याच्या पाठीला सासूबाईंचं डिस्टेंपर. मी सोडून देणारी बाई नाही, ओढत गेले. छताजवळ पोचल्यावर थांबणं शहाणपणाचं वाटलं.

कार्मेलला फोन केला. ती हसली नाही. त्यावरून परिस्थिती गंभीर आहे हे कळलं.

गुड फ्रायडे, ७ एप्रिल

आज हातोडी, खिळा, ब्रश, काही उचलायचं नसतं. फार बरं वाटलं.

शनिवार, ८ एप्रिल

घरात होती नव्हती तेवढी चित्रं पुढच्या खोलीत टांगली. येशूचं पवित्र हृदय, तीन संत, डेक्लनचा पहिल्या कम्युनियनचा फोटो, माझं निवृत्तीचं मानपत्र. खोली आता भरल्यासारखी वाटते. दार बंद केलं आणि वर चिठ्ठी लावली, 'रंग ओला आहे'.

डेक्लन दुपारी आला. चिठ्ठी वाचली. म्हणाला, "मम, वासच येत नाहीये रंगाचा." म्हटलं, चांगल्या रंगाला नसतो.

ईस्टर, ९ एप्रिल

जेवण फक्कड. मटण, पुदिन्याची चटणी, माझे भाजलेले बटाटे. डेक्लन, कार्मेल, मी. सगळं सुरळीत चाललं होतं.

मटण वाढताना पुढच्या खोलीतून आवाज आला. कुणी ओला टॉवेल जमिनीवर टाकावा तसा. मग एक काच फुटली.

"मांजर असेल," मी म्हणाले.

"मम, तुझ्याकडे मांजर नाही."

"शेजारचं."

"गेडीजना मांजराची ॲलर्जी आहे," कार्मेल म्हणाली. तिला कुणी विचारलं होतं?

डेक्लन उठला. दार उघडलं. खिडकीच्या भिंतीचा रंग सगळा खाली आला होता, संतांसकट. पहाटेचं धुकं गालिच्यावर घडी घालून पडलं होतं. मी म्हटलं, दमट हवा आहे, यंदा सगळ्यांच्याच भिंती… तो म्हणाला, "मम, तू शिडीवर एकटी चढलीस? छतापर्यंत? एकटी?" त्याचा आवाज चिरका झाला होता, लहानपणी गुडघा फुटल्यावर व्हायचा तसा. मी वाकून काचा वेचायला लागले.

ईस्टर सोमवार, १० एप्रिल

उद्या युनिट बघायला जाते आहे. नुसतं बघायला. पैज म्हणजे पैज, मी शब्द पाळणारी बाई आहे. खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, नर्सा हात धुतात का, चार प्रश्न विचारून परत यायचं.

डेक्लनने न्याहारीला तिथले नियम वाचून दाखवले. पाळीव प्राणी नाहीत. नर्सला बोलवायची घंटा रात्रंदिवस. आणि रहिवाशांनी भिंतींना कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही, रंगकाम, डागडुजी सगळं व्यवस्थापन करणार.

मी म्हटलं, हा शुद्ध जुलूम आहे. स्वतःच्या घरात माणसाला एवढंही स्वातंत्र्य नाही!

मग त्याला तो नियम पुन्हा एकदा वाचायला सांगितला. सावकाश.