विहिरीपेक्षा मोठी मोटार

बाबा,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मे महिन्यात, तुम्ही सावर्ड्याच्या आपल्या दुकानातून खालच्या वाडीतल्या काकीच्या मुलाला पाच हॉर्सपॉवरची मोटार विकलीत.
२. काकीच्या विहिरीला एक हॉर्सपॉवरपुरतं पाणी होतं.
३. मोटारीने विहीर उपसली, गाळ ओढला आणि ती जळली.
४. काकी बटण बंद करायला विसरली, असं तुम्ही तिच्या मुलाला मुंबईला फोन करून सांगितलंत.
५. मुलाने तेवढीच मोठी दुसरी मोटार आपल्याकडून घेतली, बटणाच्या पेटीला कुलूप लावलं आणि चावी शेजाऱ्यांकडे दिली.
६. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.
७. चावी अजून शेजाऱ्यांकडे आहे.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं की दुकानाला या सोमवारी पंचवीस वर्षं होतात आणि त्या निमित्ताने दुकानाच्या फेसबुक पेजवर महिनाभर काय टाकायचं ते ठरवायचं काम दादाने मला दिलं आहे. मी रत्नागिरीला हेच काम करते. दुकानाने कुणाशी बोलायचं, कोणत्या महिन्यात, काय बोलायचं आणि ते वाचून त्या माणसाने पुढे काय करावं, हे मी आखून देते. दोन हॉटेलं आहेत, एक काजूवाले आहेत, आणि आपलं दुकान. तुम्हाला हे काम कळलं नसतं असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. तुम्ही हेच करत होतात. पैसे देणारा मुंबईत असतो आणि पाणी काढणारी इथे असते, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मुलगा मे महिन्यात घरी येतो, आईला विहिरीवर वाकलेली बघतो आणि त्याला लाज वाटते. त्याच आठवड्यात तो दुकानात आला की तुम्ही त्याला खुर्ची द्यायचात, कोकम सरबत मागवायचात आणि म्हणायचात, "भाऊ, आईला अजून किती वर्षं रहाट ओढायला लावणार?" मग तो सगळ्यात मोठी मोटार घ्यायचा. विहिरीत पाणी किती, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर छोटी मोटार द्यावी लागली असती.

मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला स्टीलची लांब टेप दिलीत. घरी नाही, दुकानात, काउंटरवर, चार गिऱ्हाइकं उभी असताना. "आमची इंजिनीअर," असं म्हणालात. त्या मे महिन्यात काकीची मोटार जळल्यावर मी तीच टेप घेऊन तिच्या विहिरीवर गेले. दोराला दगड बांधला, पाण्याची उंची घेतली, घेर घेतला, एक तास थांबून पुन्हा उंची घेतली. झरा किती देतो ते काढलं आणि दुकानात येऊन सांगितलं. काकी तिथेच बाकावर बसली होती. मी म्हणाले, "बाबा, मोटार मोठी आहे. विहीर एवढं पाणी देतच नाही." तुम्ही हसलात. "बघा काकी, आमची बाय विहिरीची नाडी बघून आली." बाकावरचे सगळे हसले. काकीसुद्धा हसली, कारण तुम्ही हसत होतात. मग तुम्ही हात पुढे केलात, "टेप दे इकडे," आणि ती काउंटरच्या मागच्या खिळ्याला अडकवलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घावणे घालत होती आणि मी तिच्याजवळ पाटावर बसले होते. तुम्ही चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहता. आवाज चढवत नाही. "गिऱ्हाइकासमोर बापाला खोटं पाडलंस. आता दुकानाची पायरी चढायची नाही." आई तवा उतरवत नाही, माझ्याकडे बघत नाही. मग तिथेच उभ्या उभ्या तुम्ही काकीच्या मुलाला फोन लावता, मला ऐकू यावं म्हणून. तुमचा आवाज एकदम मऊ होतो. तसा आवाज घरात कुणासाठी निघालेला मला आठवत नाही. "भाऊ, आईंना काय बोलू नका हां. वय झालं त्यांचं. बटण बंद करायचं राहिलं असेल. होतं असं." पलीकडे तो काय बोलतो ते मला ऐकू येत नाही. पंधरा दिवसांनी त्या पेटीचं कुलूपसुद्धा आपल्याच दुकानातून गेलं.

दुसरी मोटार टिकली, कारण शेजारी ती सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं चालवून लगेच बंद करतात. म्हणजे काकी स्वतःच्या विहिरीच्या पाण्यासाठी दिवसातून दोनदा दुसऱ्याच्या अंगणात जाऊन उभी राहते. शेजारी जेवत असले तर थांबते.

आता कामाचं. दादाला रोज तुमचा हार घातलेला फोटो आणि खाली 'विश्वास' एवढा एकच शब्द हवा होता. मी त्याला विचारलं, यातून काय व्हायला हवं? "मोटारी खपायला हव्यात, अजून काय?" मी त्याला दुकानामागच्या दुरुस्तीच्या बाकाकडे बघायला सांगितलं. मे महिन्यात दोन्ही मेकॅनिक तिथे जळलेल्या मोटारींत नवी तार भरत बसतात आणि नव्या बसवायला कुणी मोकळं नसतं. त्या सगळ्या विहिरीपेक्षा मोठ्या मोटारी आहेत. म्हणून मी आखणी उलटी केली. मुंबईतल्या मुलासाठी लिहायचं, पण तो मे महिन्यात लाजेने येतो त्याच्या आधी, शिमग्याला. त्याला एकच काम सांगायचं: विहिरीत दोर सोडून बघ आणि मे अखेरीला पुन्हा बघ. आईसाठी लिहायचंच नाही, कारण ती वाचत नाही. तिच्यासाठी आपल्या बोलीत छोटे व्हॉइस मेसेज करून पाठवायचे, मोटारीचा आवाज बदलला की बटण बंद कर, एवढंच. आणि आठवड्यातून एकदा, कोणती मोटार घेऊ नये ते. दादा म्हणाला, "आपल्याच पेजवर 'घेऊ नका' लिहायचं? येड लागलंय काय तुला?" मग बाकावरच्या मोटारी मोजून आला आणि हो म्हणाला. तुमचे फोटो मी ठेवले आहेत. तुमचा चेहरा असला की फोन जास्त येतात. तुम्ही जिवंतपणी मोटारी विकल्यात, मी तुम्हाला विकते. त्यात मला काही वाटत नाही.

जुन्या गिऱ्हाइकांचे दोन शब्द घ्यावेत ही कल्पना दादाची. काकीने स्वतःहून निरोप धाडला की मला बोलायचं आहे. मी गेले. ती नवं पातळ नेसून ओट्यावर बसली होती. मी मोबाइल उभा केला आणि ती बोलायला लागली, न अडखळता.

"लय चांगला माणूस. मी येवढी महागाची मोटार जाळली, पण एका शब्दान बोलला नाय मला. उलट माझ्या पोराला सांगितलंन, आयशीला बोलू नको. असा माणूस आता व्हायचा नाय."

मी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, "काकी, मोटार तुम्ही नाही जाळलीत. मोटार मोठी होती. मी तेव्हाच मोजलं होतं."

ती म्हणाली, "मेलेल्या बापाशीला नावं ठेवतस होय गो?"

"नावं नाही ठेवत. खरं सांगते."

"मग माझ्या पोरानं येवढी वर्षं कुलूप घातलंन, ता काय फुकटच?" आणि लगेच, "जाऊ दे गो बाय, तुला चाय टाकू?"

दादाने व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, हाच सोमवारी पहिला टाक. कामाच्या हिशोबाने त्याचं बरोबर आहे. मी आतापर्यंत घेतलेल्यांत इतकं चांगलं बोलणं दुसऱ्या कुणाचं नाही. काकीच्या मोटारीचं खरं काय ते मी दादालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाबा गेले ना गो. आता कशाला उकरतेस? दुकान मला चालवायचंय." 

तरी मी दुसरा मजकूर लिहिला आहे. आपल्या दुकानाने एका विहिरीला तिच्यापेक्षा मोठी मोटार दिली, ती जळली, चूक दुकानाची होती आणि दोष एका बाईवर घातला. तिचं नाव नाही, गाव नाही, तुमचंही नाव नाही. हजारो लोक वाचतील किंवा वाचणार नाहीत, त्याने फरक पडत नाही. हा मजकूर एकाच वाचकासाठी आहे, तो मुंबईत आहे, आणि वाचून त्याने एकच गोष्ट करायची आहे: शेजाऱ्यांना फोन करून चावी आईला द्यायला सांगायची. पेजवरून त्याला कळलं नाही तर मी तेच त्याच्या नंबरवर पाठवणार आहे. दादा चिडेल. काकी कदाचित माझ्याशी बोलणार नाही. तुमच्या फोटोकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील. तिन्ही मी धरून चालले आहे.

काकीचा व्हिडिओ मी टाकणार नाही, पण पुसलेलाही नाही. त्यातला, तुम्ही एका शब्दानेही बोलला नाहीत असं ती म्हणते तो भाग मी परत परत ऐकते. कुणीतरी तुमच्याबद्दल असं बोलतं आहे, आणि तेवढ्यापुरतं मला ते खरं असावंसं वाटतं.

मला एवढंच हवं आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटार देताना त्या विहिरीला तेवढं पाणी नाही हे तुम्हाला माहीत होतं, की तुम्ही बघितलंच नव्हतं? टेप खिळ्याला अडकवलीत तेव्हा तरी कळलं होतं का? दोनपैकी काय ते लिहा. सोमवारी सकाळी मजकूर जाईल, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.